शिडाआडची बाजू

"उजवीकडून फेरीबोट येतेय," ती म्हणाली, आणि मास्तर म्हणाला, "हो ना. छान आहे."

तिला आधी वाटलं, गंमत करतोय. शीड उजव्या अंगाला फुगलं होतं, त्यामुळे मागे सुकाणूचा दांडा धरून बसलेल्या मास्तरला ती बाजू दिसतच नव्हती. निघण्यापूर्वीच त्याने तिला तिचं काम समजावून दिलं होतं, शाळेतल्या पोरांना रंधा कसा धरायचा ते सांगतो तसं. तू पुढे बसायचं, अधूनमधून वाकून शिडाखालून पलीकडे बघायचं, काही दिसलं की सांगायचं. बाकी सगळं माझ्यावर सोपव. ती सकाळपासून इमानेइतबारे वाकत होती. पाठ भरून आली होती, ओठांवर मीठ सुकलं होतं, आणि समोर शहराचं बंदर उघडत चाललं होतं: तांबूस गोदामं, उंच क्रेन, खोक्यांवर खोकी रचावीत तशी मालाची रास, आणि त्यामागे खिडक्याच खिडक्या. या बंदरात आयुष्यात एकदा तरी आपल्या शिडावर शिरायचं, असं मास्तर लग्नाआधीपासून म्हणत आला होता. म्हणून तिला वाटलं, हरखलाय. ती पुन्हा म्हणाली, "अरे, फेरीबोट. या बाजूने. जवळ आलीय." मास्तरने तिच्याकडे बघून मान डोलावली आणि हसला. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. जेवताना, बाजारात, झोपण्यापूर्वी, गेलं वर्षभर ती तेच हसू बघत होती. आणि मग भोंगा वाजला. तिच्या छातीत घुमला इतका मोठा. मास्तरने तो ऐकला, कारण तो दचकला. पण त्याने वळून पाहिलं ते डावीकडे. मग मागे. मग पुन्हा डावीकडे. भर बाजारात हात सुटलेल्या मुलासारखा तो मान फिरवत होता आणि भोंगा कुठून आला ते त्याला समजत नव्हतं.

ती गुडघ्यांवर रांगत मागे गेली, त्याची बाही धरून ओढली, आणि हात लांब करून बोट दाखवलं. मग मात्र मास्तर चुकला नाही. दांडा एका झटक्यात ढकलला, बोट गर्रकन वाऱ्यात तोंड घालून उभी राहिली, शीड रिकामं होऊन फडाफडा वाजू लागलं, आणि तीन मजल्यांची पांढरी फेरीबोट त्यांच्यासमोरून भिंत सरकावी तशी सरकत गेली. कठड्याशी उभी असलेली माणसं हात हलवत होती. त्यांना वाटलं असेल, काय हौशी जोडपं आहे. एका बाईने कडेवरच्या मुलीचा हात धरून हलवला. वर गणवेशातला एक माणूस वाकून काहीतरी ओरडला, ते तिने स्वच्छ ऐकलं, आणि मास्तरच्या कानावर पडलं नाही म्हणून तिला क्षणभर बरंच वाटलं. फेरीबोटीच्या लाटांनी दोघंही कमरेपर्यंत भिजली. डबा ठेवलेली पिशवी तेवढी कोरडी राहिली.

"बघितलीच नाही मी," मास्तर म्हणाला.

"मी सांगितलं होतं."

"वाऱ्यात ऐकू नाही आलं."

वारा तर होताच. पण त्याच वाऱ्यात तिला गणवेशवाल्याची शिवी अक्षरन् अक्षर ऐकू आली होती. ती पुन्हा पुढे जाऊन बसली आणि यापुढे काही दिसलं की बोलायचं नाही, हात करायचा, असं तिने कोणी न सांगता ठरवलं. मास्तरनेही विचारलं नाही की आता हात का करतेस. हे त्याचं न विचारणं तिच्या मनात खिळ्यासारखं बसलं.

पाहुण्या बोटींसाठी बंदराच्या एका कोपऱ्यात लाकडी तरंगता धक्का होता. मास्तर त्यावर उतरून ओणवा झाला आणि दोर बांधायला लागला. त्याची पाठ तिच्याकडे होती, शर्ट ओला होऊन पाठीला चिकटला होता, मानेवरचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले हे तिला आठवेना. ती बोटीतच उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तुझ्या पाठीला डांबर लागलंय." मास्तर गाठ आवळत राहिला. इथे वारा नव्हता. शेजारच्या बोटीतला रेडिओसुद्धा ऐकू येत होता. "मास्तर," ती म्हणाली, आणि मग काय म्हणावं ते न सुचून तोंडाला आलं ते म्हणाली, "मी चालले." त्याने गाठ ओढून बघितली, पक्की झाल्याची खात्री केली, वळला आणि तिला उतरवायला हात पुढे केला. तिने तो हात धरला. आपण 'मी चालले' म्हटलं, आणि हा हात देतोय.

तिचं पोट आवाजावर भरत आलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात ती टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, कानांवर हेडफोन, ओठांशी माइक, आणि दिवसभर एकच: कोणता विभाग हवा, थांबा, जोडते. रडणारी माणसं, शिव्या देणारी माणसं, चुकून लागलेले फोन. त्या खोलीतला तिचा आवाज वेगळा होता, काचेच्या भांड्यावर चमचा वाजवावा तसा, लखलखीत आणि कोणाचाच नसलेला. मास्तर त्या आवाजाला भुलूनच आला होता. त्याचे वडील तेव्हा तिथे भरती होते आणि तो रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा. एकदा वॉर्डची लाइन बराच वेळ रिकामी होईना, तेव्हा नुसतं धरून ठेवण्यापेक्षा तिने त्याला विचारलं, तुम्ही काय करता. सुतारकाम शिकवतो, तो म्हणाला, टेक्निकल शाळेत. मग कधीतरी तो प्रत्यक्षच त्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि तिच्या दोन मैत्रिणींसमोर म्हणाला, "तुमच्यापैकी कोणीतरी बोला, म्हणजे मला कळेल." मैत्रिणींनी तेव्हापासून त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली, आणि लग्नानंतर तिलाही दुसरं काही म्हणवेना. घरी आली की ती हळू बोलायची. आवाज कामावर ठेवून यायची, जशी काही माणसं चपला बाहेर काढतात. हळू, अर्धवट, वाक्यं अधांतरी सोडून देत, पाठमोरी, दुसऱ्या खोलीतून. आणि मास्तरला त्या पुटपुटण्यातलं सगळं कळायचं. लग्न म्हणजे दुसरं काय, असं तिला वाटायचं. तोंड न उघडता बोलता आलं पाहिजे.

धक्क्यावरून वर आल्यावर एक चौक लागला, त्यात दगडी बाक होते. दोघंही उन्हाला पाठ देऊन कपडे वाळवत बसली. म्हणजे ती बसली; मास्तर तिच्या शेजारचा बाक सोडून समोरच्या बाकावर गेला आणि तिथून डब्यातली पोळी तोडायला लागला. हेही वर्षभरातलंच. आधी जेवायला तो तिच्या शेजारी बसायचा, कोपराला कोपर लागायचं. मग एक दिवस ताट उचलून समोर गेला तो गेलाच. तिला त्याचं ते समोर बसून टक लावून बघणं सोसवेना. तो डोळ्यांत बघत नसे, तोंडाकडे बघे. दाताला काही लागलंय की काय म्हणून ती पदराने ओठ पुसायची. घरातला फोन वाजला की हा म्हणायचा, ते तुझं खातं. शाळेत यंत्रांवरून काढून याला सामानाच्या कोठीत बसवलं, तर म्हणाला, वय झालं, पोरांमागे धावायला नको. आणि सगळ्याला हो. पडदे बदलायचे, हो. तिच्या मामेभावाकडे जायचं, हो. या वर्षी घराला रंग नको, हो. कामावरच्या मैत्रिणी म्हणायच्या, देवमाणूस आहे बाई तुझा नवरा, एका शब्दाने उलटून बोलत नाही. तिला त्या हो-चा कंटाळा यायला लागला होता. भिंतीवर चेंडू मारावा आणि भिंतीने तो पोटात घालून घ्यावा, तसं वाटायचं. आता उन्हात बसल्या बसल्या तिने एकेक हो उलटून बघितला आणि खाली काय आहे ते तिला दिसलं. खाली प्रश्नच पोचलेला नव्हता.

पण यातला एक हो असा होता की तो उलटायला तिचा हात धजेना. गेल्या वर्षी तिची आई गेली त्यानंतर आईची खोली रिकामी करायला दोघं गेली होती. एका माणसाची एक खोली, दिवसभरात आवरली. पलंग वखारवाला घेऊन गेला, भांडी शेजारणीने मागितली, साड्यांचं गाठोडं मास्तरने खांद्यावर घेतलं. घरी येऊन न जेवताच आडवी झाली. दिवा मालवल्यावर, छताकडे बघत, तिने एक वाक्य म्हटलं. ती असली वाक्यं बोलणारी बाई नव्हती. वडील लहानपणीच गेलेले, भावंडं नाहीत, मूल झालं नाही, आणि त्याबद्दल तिने कधी कोणाजवळ गळा काढला नव्हता. ते एकच वाक्य, ते सुद्धा पोटातून ओठांपर्यंत यायला बराच वेळ लागला होता: "आता माझं असं तूच एक उरलास." अंधारात मास्तर कुशीवर वळला, म्हणाला, "हं. सकाळी बघतो." आणि सकाळी ती उठून बघते तर हा स्वयंपाकघरात मोरीपाशी मांडी घालून बसलेला, हातात पान्हा. चांगला चाललेला नळ खोलून ठेवलेला. या माणसाच्या छातीत काळजाच्या जागी पान्हा आहे, असं तेव्हा तिच्या मनात आलं आणि मनात राहिलं. ती त्याबद्दल काही बोलली नाही. फक्त भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. त्याच सुमारास मास्तरने रात्री दिवा चालू ठेवायची नवी खोड काढली. वाचतो म्हणायचा, पण पुस्तकाचं पान काही उलटायचं नाही. त्या दिव्यावरून मात्र ती भांडली, कारण दिव्यावरून भांडता येतं.

ती उठली आणि त्याच्या बाकावर, त्याच्याकडे तोंड करून बसली.

"कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

मास्तरने तोडलेला घास परत डब्यात ठेवला. त्याचे कान हळूहळू तांबडे झाले. त्या बिचाऱ्यांचा काय दोष, असं तिला उगाचच वाटून गेलं.

"येतं," तो म्हणाला. "यंत्रं ऐकू येतात. गाड्या ऐकू येतात. पुरुष बोलले तर निम्मंशिम्मं कळतं. उजवा कान जरा जास्तच गेलाय. आयुष्यभर करवतीजवळ तोच असायचा ना." मग म्हणाला, "तूच ऐकू येत नाहीस."

"मला सांगायचं नाही?"

"आधी वाटलं, तूच हळू बोलायला लागलीस. मग वाटलं, रागावलीस. मग शाळेत एका पोराने मागून हाका मारल्या, चारदा म्हणे, आणि ती पोरं हसायला लागली, तेव्हा कळलं."

"तरी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू मोठ्याने बोलली असतीस."

"मग? बोलले असते."

"तो टेलिफोनचा आवाज," मास्तर म्हणाला, "तो सगळ्या जगाला मिळतो. घरातला मला एकट्याला मिळायचा. तो कमी कमी होत गेला तरी मी म्हटलं, असू दे, आहे तेवढा. एकदा 'काय' म्हणून विचारायला लागलो असतो, की तो गेलाच असता ना."

चौकातून माणसं चालली होती. कोणी छत्री काखेत धरून, कोणी मूल ओढत. एक म्हातारा बाकाच्या टोकाला टेकला आणि यांची तोंडं बघून उठून गेला. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं की घरातलं आपलं हळू बोलणं म्हणजे आपला आराम आहे, दमल्यावर पाय पसरावेत तसा. ते कोणी जपून ठेवत असेल, त्याच्यासाठी खोटं बोलत असेल, फेरीबोटीखाली जाण्याइतकं खोटं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला त्याचा राग आला. त्या रागातच तिने त्याच्या दाढीवरचा पोळीचा कण काढला.

"आईची खोली आवरली त्या रात्री मी तुला काहीतरी म्हणाले होते."

"म्हणालीस. म्हणालीस एवढं कळलं. पलंग जरासा हलतो तू बोललीस की."

"आणि तू म्हणालास, सकाळी बघतो."

"झोपताना तू नळाचंच म्हणायचीस नेहमी. ठिबकतो, झोप लागत नाही. मला वाटलं, नळच असणार." तो खजील होऊन हसला. "सकाळी बघितलं तर नळ चांगला होता. तेव्हाच ओळखलं, दुसरं काहीतरी होतं. पण मग विचारायचं कसं? तोवर तू भिंतीकडे तोंड केलेलं. म्हणून दिवा लावून ठेवायचो. वाटायचं, पुन्हा बोललीस तर तोंड दिसेल. अंधारात मला अजिबात ऐकू येत नाही."

भर दुपार होती. ऊन त्याच्या मागून तिच्या चेहऱ्यावर येत होतं, आणि मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होता, लाकडाची रेघ बघताना बघतो तसा, एक डोळा किंचित बारीक करून. तिला लाज वाटली. या वयात, परक्या शहरात, रहदारीच्या चौकात. पण तिने तोंड वळवलं नाही. आवाज मुळीच न चढवता, घरातल्या आवाजात, फक्त शब्द सुटे सुटे करून ती म्हणाली, "आता माझं असं तूच एक उरलास."

मास्तरला पहिल्या फटक्यात कळलं. कळलं हे तिला दिसलं. त्याने डब्याचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"आणि मी पान्हा घेऊन बसलो," तो म्हणाला.

"हो."

"वर्षभर तू हे पोटात घेऊन होतीस?"

"तू कान पोटात घेऊन होतास की."

त्यानंतर दोघांनी मिळून डबा संपवला. हसू येऊन गेलं, थोडं पाणी डोळ्यांनाही येऊन गेलं. कपडे वाळले. शहर बघायचं राहूनच गेलं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण धक्क्यावर परत आल्यावर मास्तरने बोटीच्या दोराला हात लावला आणि तसाच थांबला. "तू बसने जा," तो म्हणाला. "मी नेतो एकटा. आणि नेली की विकून टाकतो. आज थोडक्यात निभावलं. मी बुडालो असतो त्याचं काही नाही, पण तुला पुढे बसवून..." वाक्य त्याने सोडून दिलं. सुट्ट्यांमागून सुट्ट्या घालवून त्याने ही बोट उभी केली होती. सांगाडा विकत घेतला तेव्हा त्याच्या तळातून आकाश दिसत होतं. फळी फळी बदलली, घासली, रंगवली. तिला कधी त्या बोटीचा मत्सरही वाटला होता. आता त्याचा हात त्या दोरावर असा पडला होता की तिला बघवेना. आणि भीतीही वाटत होती, खरीखुरी. पांढरी भिंत अजून डोळ्यांसमोरून सरकत होती. बस स्टँड इथून चालत जाण्यासारखा होता. ती बसमध्ये बसली असती आणि खिडकीतून समुद्राकडे बघत गेली असती, आणि हा एकटा शिडामागे, दोन्ही बाजूंनी आंधळा.

"पुढच्या माणसाने बघायचं आणि बोलायचं," ती म्हणाली. "मागच्याने ऐकायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग आपण चुकीच्या जागी बसलो होतो. तुला बोलता येतं. मला ऐकू येतं. मी मागे बसते."

"तुला सुकाणू येत नाही."

"तुला ऐकू येत नाही. फिट्टंफाट."

मास्तर बोटीत उतरला. मग त्याने शिकवायला सुरुवात केली, तिथेच धक्क्याला बांधलेल्या बोटीत. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे. उलटं आहे, पण हाताला लवकर कळतं. शिडाचा दोर दुसऱ्या हातात, कुठे बांधून ठेवायचा नाही. वाटलं की झेपत नाही, तर दोर सोडून द्यायचा. शीड आपोआप रिकामं होतं, बोट उभी राहते. "सोडायची भीती धरायची नाही," तो म्हणाला. "बुडतात ते धरून ठेवणारे." तिने दोनदा वदवून घेतलं. मग तो पुढे जाऊन तिच्या जागेवर बसला, वाकला, शिडाखालून बघितलं, आणि दोर सुटला.

सुरुवातीला बोटीने तिला जुमानलंच नाही. नागमोडी चालली, मागच्या पाण्यावरची रेघ तिला स्वतःलाच बघवेना. दांडा हातात थरथरत होता, आत काहीतरी जिवंत असल्यासारखा. हळूहळू ती थरथर तिच्या कोपरात गेली, मग खांद्यात, आणि मग तिला ती वेगळी जाणवेनाशी झाली. पुढून मास्तरचा आवाज यायचा, जरासा जास्तच मोठा, जसा स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो: डावीकडे जरा. बास. मालवाहू बोट आहे, लांब आहे, जाऊ दे तिला. बास, अशीच. ती ऐकत होती. आयुष्यभर लोकांचे आवाज तिने इकडून तिकडे जोडून दिले होते, आपल्याजवळ कोणता ठेवून घेतला नव्हता. हा थेट तिच्यासाठी येत होता आणि तिच्या हातात येऊन संपत होता. तो डावीकडे म्हणायचा आणि सबंध बोट डावीकडे वळायची. बंदराच्या तोंडाशी आणखी एक फेरीबोट दिसली. भोंगा तिने आधी ऐकला, मास्तरने फेरीबोट आधी पाहिली, आणि दोघं एकदमच बोलली. लांबून, सुखरूप, ती पलीकडून निघून गेली. मास्तर दर थोड्या वेळाने वळून तिच्या तोंडाकडे बघत होता, काही बोलली असेल तर म्हणून. "पुढे बघ," ती प्रत्येक वेळी म्हणायची, आणि ते त्याला प्रत्येक वेळी कळायचं.

आपल्या गावच्या जेट्टीला तिने बोट लावली ती धाडकन. एक फळी खरवडली गेली. मास्तरने ती हाताने चाचपून बघितली आणि काही न बोलता दोर बांधला. सूर्य टेकला होता, पाणी शांत पडलं होतं. शीड उतरवून जेट्टीवर पसरलं. त्याची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकं याने धरायची, दोन तिने, ताणायचं, आणि मग चालत एकमेकांकडे यायचं. पहिल्या घडीला ती लांब, पार त्या टोकाला उभी होती. कापड ओलसर आणि जड होतं.

"सोमवारी कानाच्या विभागात जायचं," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवते."

मास्तर नेहमीचं हसला, मान डोलवायला लागला, आणि मध्येच थांबला.

"काय?" त्याने विचारलं.

तिने आवाज चढवला नाही. कापडाची टोकं उचलून ती त्याच्यापर्यंत चालत आली, त्याच्या हातात दिली, आणि तिथे, वीतभर अंतरावर, पुन्हा सांगितलं.

"सोमवारी नाही जमायचं," मास्तर म्हणाला. "सोमवारी कोठीची मोजदाद आहे. मंगळवारी जाऊ."

वर्षभरात पहिल्यांदाच त्याने तिला नाही म्हटलं होतं. खाली लोंबणारी कड उचलून घ्यायला ती वाकली. तिला फार बरं वाटत होतं.